एकशे अठ्ठ्याऐंशी डोकी

जमुना रेंजर्स हा फुटबॉलचा संघ हरतो, यात बातमी अशी काही नव्हती. बातमी झालीच तर ती ते जिंकले की व्हायची, आणि तशी वेळ गेल्या दोन मोसमांत तीनदाच आली होती. त्यातही एकदा समोरच्या संघाची बस धुक्यात अडकली म्हणून न खेळताच गुण पदरात पडले होते. स्वरूपा जगदाळे तीसुद्धा जिंकल्यातच धरायची.

स्वरूपा एकतीस वर्षांची. वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी साताऱ्याहून दिल्लीत आली आणि आर. के. पुरममध्ये वाढली. आधी सेक्टर एक, मग पाच, मग बारा, मग चार. वडिलांना बढती मिळाली की क्वार्टर बदलायचं, आणि शेजारी तर विचारूच नका. जरा कुठे एखाद्या मैत्रिणीशी सूत जुळावं, तर तिच्या वडिलांची गुवाहाटीला नाहीतर चेन्नईला बदली झालेली असायची. नऊ वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मित्रानं तिला रेंजर्सची मॅच बघायला नेलं. तो मित्र पुढे कॅनडाला निघून गेला. स्वरूपा मात्र हिरवा मफलर गळ्यात गुंडाळून तिथेच बसून राहिली. खेळाडू बदलले, प्रशिक्षक तर दिवाळी अंकासारखे दरवर्षी नवे निघाले, पण पश्चिमेकडच्या स्टँडमधली खालून सातवी रांग तिची ती तिचीच राहिली. गुरुग्रामच्या ऑफिसात बॉसनं शनिवारी थांबायला सांगितलं, तर घरात लग्न असल्यासारखा चेहरा करून ती नाही म्हणायची.

तर त्या सातव्या रांगेत बसल्या बसल्या तिला दिवाळीपासून एका माणसानं छळायला घेतलं होतं. तो काही बोलला नव्हता, जवळही आला नव्हता. तो मैदानाच्या पलीकडे, समोरच्या स्टँडमध्ये बसायचा. तो स्टँड पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचा. पण रेंजर्सना हरताना बघायला गोव्याहून किंवा शिलाँगहून पदरमोड करून कोण येणार? त्यामुळे तिथे तीन हजार रिकाम्या खुर्च्या असायच्या आणि त्यांच्या बरोबर मध्यावर हा एकटा माणूस. साठीचा असावा. अंगात राखाडी स्वेटर, कानाला मफलर, बाजूला स्टीलचा डबा. न चुकता दर मॅचला हजर.

आणि एक गोष्ट स्वरूपाच्या लक्षात आली, त्यानंतर तिला चैन पडेना. तो मॅच बघतच नव्हता.

"वाल्मीककाका, तो आपल्याला बघतोय," ती म्हणाली.

वाल्मीककाका म्हणजे वर्ध्याचे, एका मंत्रालयात असिस्टंट, आणि रेंजर्सच्या स्टँडमधला एकुलता एक ढोल त्यांच्या गळ्यात. त्यांनी ढोल थांबवून डोळे बारीक केले.

"चॅक्. बॉलकडे बघत असेल."

"बॉल त्या टोकाला आहे. तो इकडे बघतोय. मघापासून एकेक रांग बघत चाललाय."

मग काय, चर्चेला ऊत आला. वाल्मीककाकांच्या मते तो माणूस पोलिसांचा खबऱ्या होता. मागच्या रांगेतल्या कोणीतरी त्याला क्लब विकत घ्यायला आलेला शेठ ठरवलं. पण शेठ घरून डबा आणेल का, असा वाल्मीककाकांनी बिनतोड सवाल केला. एका मॅचला तो हातात काहीतरी धरून अंगठा हलवताना दिसला, तर तो जपमाळ ओढतो असं ठरलं. रेंजर्ससाठी कोणी जप करतंय या कल्पनेनं दोन-तीन जणांना भरूनही आलं. स्वरूपाला यातलं काहीच पटत नव्हतं. रात्री दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा तो माणूस तिच्या डोक्यात बसला होता.

डिसेंबरच्या शेवटच्या मॅचला तिनं मध्यंतर होताच उठून सरळ समोरचा स्टँड गाठला. दारावर गार्ड आडवा आला. "मैडम, हरा इधर नहीं चलेगा." मागे एकदा दोन बाजूंचे पोरगे एकमेकांच्या अंगावर धावले होते, तेव्हापासून रंग बघूनच आत सोडायचा नियम झाला होता. स्वरूपानं मफलर काढून पर्समध्ये कोंबला आणि आत गेली.

त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं आणि डबा उचलून शेजारची खुर्ची मोकळी करून दिली. आणखी वीस मॅचेस ती येईल याची वाट बघायची त्याची तयारी असावी, असा त्याचा चेहरा होता.

"अंकल, एक बात पूछूँ? आप मैच क्यों नहीं देखते?"

"मैच देखण की तनखा ना मिलती," तो म्हणाला. "गिणण की मिलै सै."

त्यानं मूठ उघडली. आत अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र होतं, देवळाच्या नाहीतर जत्रेच्या दारावर माणसं मोजायला धरतात तसलं. आकडा होता ८९.

त्याचं नाव टोकस. आर. के. पुरमला लागून असलेल्या मुनिरकाचाच, सात पिढ्यांचा. घरातल्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या होत्या आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लीगनं त्याला प्रेक्षक मोजायला ठेवलं होतं. मॅचमध्ये चार वेळा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा कागदावर लिहायचा. इकडे का बसता, असं तिनं विचारलं तेव्हा त्याला तिची जराशी कीवच आली.

"भीड़ के बीच में बैठके भीड़ थोड़ी गिणी जावै, बेटी."

दिवाळीपासूनचं कोडं सुटलं. खरं तर तिथेच थांबायचं. पण कुतूहलाला शेवट नसतो म्हणून स्वरूपानं विचारलं की मोजून करता काय. आणि टोकसनं सांगितलं. लीगचा नियम होता: मोसमातल्या दहा घरच्या मॅचेसना सरासरी शंभर प्रेक्षक हवेत. नसतील तर मालकाला क्लब दुसऱ्या शहरात हलवायची मुभा. आणि मालकानं दुसरं शहर बघूनही ठेवलं होतं म्हणे; तिथलं स्टेडियम नवं होतं, पुढारीही उत्साही होते. आजची धरून नऊ मॅचेसची बेरीज आठशे बारा झाली होती.

"मतलब आखिरी मैच में..."

"एक सौ अट्ठासी," टोकस म्हणाला. हिशेब त्याचा कधीच करून झाला होता. "चौदह जनवरी नै. ना आवैं इतने. नौ बरस के कागज देख लिए, कदे ना आए." मग त्यानं तिच्याकडे वळून नीट पाहिलं. "तन्ने रोज देखूँ सूँ मैं. सातवीं लैन. एक बात तू बता. मन्ने तो तनखा मिलै सै. तू क्यूँ आवै सै?"

समोर, मैदानापलीकडे, स्वरूपाला आपली रिकामी खुर्ची पहिल्यांदाच इतक्या लांबून दिसली. तिचे बाबा जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं होतं. आई मीनाक्षीबाई सातारचं घर लावायला पुढे गेलीही होती. बाबा गेले की स्वरूपा मुनिरकात एखादी खोली घेऊन राहणार होती, आणि या शहरात आपलं म्हणावं असं तिच्याकडे काय उरणार होतं, तर ही एक रांग. आता त्या रांगेचीही बदली निघाली होती.

घरी दोन दिवस ती नुसती आकडेमोड करत होती. तिसऱ्या दिवशी तिला तारीख आठवली आणि ती ताडकन उठून बसली. चौदा जानेवारी!

आता इथे नरसिंहराव जगदाळ्यांबद्दल सांगायला हवं. केंद्र सरकारात अवर सचिव, फाईलवरचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळाच्या पानिपत सहलीचे बावीस वर्षांचे कर्तेधर्ते. दर चौदा जानेवारीला सकाळी सहाला मंडळाच्या दारातून दोन बसेस निघायच्या. पानिपतच्या काला आम स्मारकापाशी नमस्कार, दोन शब्द, पोवाडा, आणि प्रत्येकाच्या डोक्याला केशरी फेटा. बायकांनाही. फेटे बांधायला खास माणूस असायचा. आणि नरसिंहरावांनी घालून दिलेला दंडक असा, की तिथे बांधलेला फेटा घरच्या उंबरठ्याच्या आत येऊनच उतरायचा. वाटेत नाही, बसमध्ये नाही, जेवतानाही नाही. एका वर्षी त्यांना एकशे तीन ताप होता आणि परतताना सरळ दवाखान्यात न्यावं लागलं, तर डॉक्टरनं कपाळाला हात लावण्यासाठी त्यांनी फेटा फक्त बोटभर वर सरकवला होता. "पानिपत झालं" हा वाक्प्रचार त्यांच्यासमोर कोणी सहज वापरला, तर त्याची काही खैर नसायची.

रेंजर्सबद्दल त्यांचं मत थोडक्यात होतं: वेळेचा अपव्यय. नऊ वर्षांत ते एकदाही स्टेडियमला आले नव्हते. मुलगी संध्याकाळी घरी आली की "हरले?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर्तमानपत्र उलटायचे.

"बाबा, तुमच्या बसेस पानिपतहून कधी निघतात?"

"बारा वाजता. का?"

"दोन बसेस म्हणजे शंभर माणसं. चार वाजता आमची मॅच आहे. वाटेतच आहे स्टेडियम. फक्त एक तास, प्लीज." आणि तिनं टोकस, नियम, आकडा, सगळं एका दमात सांगून टाकलं.

नरसिंहरावांनी चष्मा काढला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"पानिपतला गेलेली माणसं येताना चेंडूचा खेळ बघायला न्यायची? अगं, काही तारतम्य? आणि कोणासाठी, तर दरवेळी हरणाऱ्यांसाठी?"

स्वरूपाच्या डोक्यात सणक गेली. "तुम्ही बावीस वर्षं कोणासाठी जाताय, बाबा? जिंकलेल्यांसाठी?"

बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला मटारचा भाव सांगत होता तो घरात स्पष्ट ऐकू आला.

"आम्ही हरण्यासाठी जात नाही," नरसिंहराव हळू आवाजात म्हणाले. "माणसं घरापासून एवढ्या लांब आली आणि उभी राहिली, म्हणून जातो."

"मग मीही त्याचसाठी जाते. रेंजर्सचा गोलकीपर मिझोरमचा आहे, बॅक केरळचा. दर मॅचला चार गोल खातात आणि पुढच्या वेळी परत उभे राहतात. लढाई नाही ती, मला कळतं. पण मला तेवढंच आहे इथे."

नरसिंहरावांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "मंडळाला लेखी अर्ज दे. मी एकटा निर्णय घेऊ शकत नाही."

दुसऱ्या मुलीला याचा संताप आला असता. स्वरूपा अवर सचिवाची मुलगी होती. लेखी अर्ज दे म्हणजे अर्धं काम झालं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं विषय, संदर्भ, सविनय विनंती असा रीतसर अर्ज लिहिला. खाली आपली सही केली आणि तो आपल्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर आवक क्रमांक पडला. कार्यकारिणीची बैठक झाली. चार दिवसांनी शेरा आला: मंजूर, एक तासासाठी, मात्र मंडळाच्या कार्यक्रमाच्या शिस्तीस बाधा न आणता. खाली नरसिंहरावांची सही होती. कागद देताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू येणार नाहीस मग पानिपतला यंदा."

"मला स्टेडियमला लवकर जावं लागेल, बाबा."

"बिल्कुल. जा की." पण ते पहिल्यांदाच तिला न घेता निघत होते, हे आवाजात ऐकू आलंच.

चौदा तारखेला स्वरूपा तीनलाच स्टेडियमवर पोचली. थंडी मरणाची होती. पाहुणा संघ होता जोधपूरचा मरुधर एफसी. आपल्या नेहमीच्या लोकांची तिनं स्वतःच मोजणी केली. ब्याण्णव. वाल्मीककाकांनी बायको, मेहुणा आणि ऑफिसातले दोघे असे ओढून आणले होते. बसमधून एकशे चार येणार होते. ब्याण्णव अधिक एकशे चार. ती बेरीज तिनं बोटांवर, मनात आणि फोनवर अशी तीनदा केली.

चार वाजले. मॅच सुरू झाली. सव्वाचार झाले. बसेसचा पत्ता नव्हता. विसाव्या मिनिटाला मरुधरनं पहिला गोल केला, आणि समोरून एकदम आवाज उठला.

"हर हर महादेव!"

स्वरूपानं मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. समोरचा स्टँड, तीन हजार खुर्च्यांचा तो ओसाड स्टँड, केशरी फेट्यांनी भरत चालला होता. सगळ्यात पुढे नरसिंहराव, हातात यादी, माणसं रांगेनं बसवताहेत. मरुधरची जर्सी केशरी होती! दारावरच्या गार्डानं फेटे बघितले, ही जोधपूरची बरात आहे असं समजून सगळ्यांना पाहुण्यांच्या दारानं आत घातलं, आणि मंडळींनी मैदानावर आपल्याच रंगाचे कपडे घातलेले पोरगे बघून त्यांनाच आपलं मानलं. गोल त्यांनीच केला होता, त्यामुळे मानायला अडचणही पडली नाही. पाहुण्या खेळाडूंचा आनंद तर गगनात मावेना. त्यांच्यासाठी आजवर कुठे दहा माणसं आली नव्हती.

"हे तुझे वडील का?" वाल्मीककाकांनी विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि स्वरूपाचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा रेंजर्स दोन गोलांनी मागे होते आणि स्वरूपा मफलर पर्समध्ये कोंबत स्टेडियमला वळसा घालून धावत होती.

"बाबा! तुम्ही चुकीच्या बाजूला बसलायत!"

"चुकीच्या? इथे बसवलं, बसलो," नरसिंहराव म्हणाले. "आणि तुझी टीम तर छान खेळतेय की."

"ती माझी टीम नाही. माझी ती हिरवी."

नरसिंहरावांनी मैदानाकडे पाहिलं आणि झाला प्रकार त्यांच्या ध्यानात आला. शेजारच्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. फेट्यांच्या मधोमध टोकस बसला होता. त्याच्या कारकिर्दीत त्याच्या शेजारी पहिल्यांदाच माणसं आली होती, आणि कोणीतरी त्याच्या हातावर तिळगूळही ठेवला होता.

"टोकस अंकल, ये सब हमारे लोग हैं. इन्हें गिन लीजिए ना."

टोकसनं तिळगूळ तोंडात टाकला आणि खिन्नपणे मान हलवली. "इस साइड के ना गिणे जाते, बेटी. फारम में लिक्ख्या सै."

"दिखाइए," नरसिंहरावांनी हात पुढे केला.

टोकसनं पिशवीतून नियमाचा कागद काढून दिला. एका सरकारी माणसानं दिलेला कागद दुसऱ्या सरकारी माणसानं चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, तळटिपेसकट वाचला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत नियमांमधल्या फटी शोधणं हा नरसिंहरावांचा हातखंडा होता, आणि आज तर त्यांनी एखादी फट अगदी मन लावून शोधली. मग कागद परत दिला.

"नियम स्पष्ट आहे. त्या बाजूला बसलेलेच मोजतात. चला, उठू या. तिकडे जाऊ."

स्वरूपाला आता ते सांगावं लागणार होतं. "बाबा, केशरी घालून तिकडे सोडत नाहीत. फेटे उतरवावे लागतील."

जवळपासच्या दोन रांगांनी माना वळवल्या. सगळे नरसिंहरावांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि फेट्याच्या कडेला टेकून राहिला.

तो हात बघितला आणि स्वरूपाचा धीर सुटला. बावीस वर्षं. एकशे तीन तापातही. आपण काय मागतोय आणि कशासाठी, हे तिला लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

"राहू दे, बाबा. खरंच राहू दे. तुम्ही आलात, खूप झालं. बसा इथेच. मी जाते, सेकंड हाफ सुरू होईल."

हे ती मनापासून म्हणाली. रागानं नाही, रुसून नाही. वळून ती पायऱ्या उतरायला लागली. आठ-दहा पायऱ्या उतरली असेल, तर मागून नरसिंहरावांचा आवाज आला.

"अंशुमन, याचं दुसरं टोक धर जरा."

तिनं वळून पाहिलं. नरसिंहराव फेटा उतरवत होते. टोपीसारखा उचलून नाही; ज्या क्रमानं बांधला त्याच्या उलट क्रमानं, एकेक वेढा सोडत. मंडळाचे चिटणीस अंशुमन पुढे झाले, त्यांनी दुसरं टोक धरलं. नऊ वार कापड दोघांनी धोतर घडी करावं तसं काठाला काठ जुळवून दुमडलं, पुन्हा दुमडलं, आणि नरसिंहरावांनी ती घडी कोटाच्या आत, छातीशी ठेवून वरून बटण लावलं. पांढरे केस चापून बसले होते. कान थंडीनं लाल झाले.

मग कोणी काही न सांगता सगळा स्टँड उठला. जिकडेतिकडे दोघं दोघं समोरासमोर उभे राहून फेट्याच्या घड्या करत होते. गार्डाला काय चाललंय कळेना. तो आपला नुसता बघत राहिला. गुडघ्यांचं कारण सांगून पाच जण फेट्यांसकट बसमध्ये जाऊन बसले. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. उरलेले नव्याण्णव जण बोडक्या डोक्यानं, बायका शाली ओढून, स्टेडियमला वळसा घालून हिरव्या दारानं आत आले. वाल्मीककाकांनी असा ढोल बडवला की त्यांचा मेहुणाही घाबरला.

सातव्या रांगेत नरसिंहराव स्वरूपाच्या शेजारी बसले. खेळ पुन्हा सुरू झाला होता. समोर टोकस आता पुन्हा एकटा होता. तो उभा राहिला. एवढ्या लांबून यंत्र दिसत नव्हतं, पण त्याची मान वरच्या रांगेपासून डावीकडून उजवीकडे, मग खालच्या रांगेवर, सावकाश सरकत होती. मान सातव्या रांगेकडे आली तेव्हा नरसिंहराव फोटोला बसल्यासारखे ताठ झाले.

तेवढ्यात मरुधरनं तिसरा गोल केला आणि मंडळातल्या निम्म्या लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग चूक लक्षात येऊन त्या हळूहळू विझल्या.

रेंजर्स मॅच तीन-शून्य हरले. शेवटची शिट्टी झाल्यावर टोकस मैदानाच्या कडेनं चालत इकडे आला आणि सातव्या रांगेखाली उभा राहून त्यानं यंत्र वर धरलं. १९१.

स्वरूपाला तो आकडा वाचूनही खरा वाटेना. आनंद झाला तशी भीतीही वाटली. "अंकल, ये लोग बस आज ही के लिए आए हैं. बाद में कोई कुछ बोलेगा तो नहीं?"

"बंदा आया, बैठ्या, गिण्या गया," टोकस म्हणाला. "क्यूँ आया, इसका कालम मेरे फारम में ना सै."

आणि कागदावर आकडा लिहून, खाली वेळ टाकून, त्यानं सही केली.

मंडळी बसकडे निघाली. नरसिंहराव अजून बसूनच होते. मैदानावर रेंजर्सचे पोरगे नेहमीप्रमाणे प्रेक्षकांना हात जोडायला आले होते आणि एवढी माणसं बघून बावरल्यासारखे उभे होते. नरसिंहरावांनी त्यांना उभं राहून नमस्कार केला. मग मागे वळून रांगेकडे पाहिलं, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, इथून गोल कुठला दिसतो, ऊन कुठून येत असेल, पाऊस आला तर छप्पर पुरतं का, असं सगळं विचारून घेतलं.

"बाबा," स्वरूपा म्हणाली. तिला आता राहवेना. "मी नको म्हणाले होते. तरी का काढलात?"

नरसिंहरावांनी छातीवरचं बटण चाचपलं.

"मी पुढच्या महिन्यात जाणार. तू इथे एकटी. शनिवारी फोन केला आणि तू म्हणालीस मॅचला आलेय, तर मला काय दिसणार होतं? नुसतं एक नाव. फेटा घालून इथे येऊ देत नव्हते. आता तिकडे साताऱ्यात बसून मला माहीत असेल, माझी मुलगी कुठे बसलीये."

स्वरूपाला रडू फुटलं. भर स्टेडियममध्ये, वाल्मीककाकांच्या देखत, ती वडिलांच्या कोटात तोंड खुपसून लहान मुलीसारखी रडली. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. नियोजित वेळेपेक्षा पाऊण तास उशीर झाला होता, आणि नरसिंहरावांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.